तासाला नऊ खडे

...आणि वर मलाच विचारतात, "अक्षदा, झाला का गं बर्फ?" झाला का म्हणजे? तो काय भात आहे, तीन शिट्ट्या झाल्या की झाला? तुम्हाला सांगते, गेल्या पंधरा दिवसांत मला कोणी माझं नाव विचारलं असतं ना, तरी मी आधी "नऊ" म्हणाले असते! नऊ. तासाला नऊ खडे. अंगठ्याएवढे, मधे पोकळ, म्हणजे तसं बघायला गेलं तर नऊसुद्धा पुरते नाहीत. आणि खोक्यावर काय छापलंय? आठ मिनिटांत नऊ! आठ मिनिटांत! मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री, मला हिशेब कळतो, खोक्यावरची आठ मिनिटं आणि आमच्या घरातली साठ मिनिटं यांत काहीतरी गडबड आहे एवढं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण गडबड कुठली, ते कळायला...

थांबा, पहिल्यापासून सांगते. तुम्ही म्हणाल, घरात माणसं दोन, मी आणि माझी आत्या, यांना एवढा बर्फ कशाला? बरोबर आहे. मीही तेच म्हणणार होते. पण म्हणायच्या आधी मी उभी राहिले.

त्याचं असं झालं, की आमच्या परळच्या चाळीत चौदा एप्रिलच्या तयारीची मीटिंग होती. चौदा एप्रिल म्हणजे आमच्याकडे दुसरं काही नसतं, जयंती असते, आणि जयंती म्हटली की चाळीच्या गेटपाशी सरबताचं टेबल असतं. हे टेबल माझ्या आजोबांनी सुरू केलं, दौलत त्यांचं नाव, गिरणीत होते साच्यावर, म्हणजे मागावर. ते गेले, मग टेबल आत्याकडे आलं. रखमाआत्या, माझ्या बाबांची थोरली बहीण. मिरवणुकीत नाचून घामाघूम झालेला माणूस आमच्या गेटपाशी थांबणार, आत्याच्या हातचं लिंबू सरबत घटाघटा पिणार, "जय भीम रखमाताई" म्हणणार आणि पुढे जाणार. लोकांचं वर्ष एक जानेवारीला सुरू होतं, आत्याचं चौदा एप्रिलला. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ती लिंबाचा भाव बघत असते.

तर गेल्या वर्षी काय झालं, बर्फ बाहेरून आणला. म्हणजे दरवर्षी बाहेरूनच यायचा, लादी, गोणपाटात गुंडाळलेली, वर भुसा. गेल्या वर्षी चार पोरांचे घसे बसले. तेही चाललं असतं, पोरांचे घसे बसतात, आयांना तेवढीच शांतता. पण संध्याकाळी स्टेजवर आमच्या कालिंदीताईंचा आवाज गेला! कालिंदीताई म्हणजे चाळीची कोकिळा, जयंतीला भीमगीतं त्याच गाणार, वरळीपासून माणसं येतात ऐकायला. त्यांनी पहिली ओळ उचलली आणि मधूनच असा आवाज आला, दार करकरावं तसा. अख्खी चाळ वळून आमच्या टेबलाकडे बघायला लागली. "रखमाबाईचा बर्फ!"

आता आत्या एरवी बोलते. म्हणजे ओरडते. तिसऱ्या मजल्यावरून खाली नळाशी कोण काय करतंय ते ती वरूनच दुरुस्त करते. पण त्या दिवशी ती काही बोलली नाही. गप्प टेबल पुसलं, भांडी घासली, घरी आली. तुम्हाला सांगते, ते काही बरं नव्हतं बघायला.

तर या वर्षीची मीटिंग. आमचे सेक्रेटरी गौतमकाका, वीज कंपनीतून रिटायर झालेले, ते उभे राहिले आणि म्हणाले, "जय भीम मंडळी. तर सरबताच्या टेबलाबाबत. परंपरा आपण कायम ठेवू. टेबल राहील. फक्त टेबलावर सीलबंद बाटल्या ठेवू."

आत्या म्हणाली, "बाटल्या ठेवायला मी कशाला लागते? टेबल काय आपल्याआपण उभं राहत नाही?"

"तसं नाही रखमाताई, प्रश्न बर्फाचा आहे. बाहेरचा बर्फ आता नको. घरचा बर्फ करतो म्हणणारं कोणी असेल तर माझी हरकत नाही. आहे कोणी? असेल त्याने उभं राहावं."

आणि नेमकं त्याच वेळी माझ्या मागे शेजारच्या सुंदराबाईंच्या हातून स्टीलच्या ग्लासांचा ट्रे पडला. तीस ग्लास! फरशीवर! मी ताडकन उभी राहिले. घाबरले नाही हं, दचकले. फरक असतो. घाबरलेला माणूस पळतो, दचकलेला उभा राहतो, हे मी अनुभवाने सांगते. मी उभी, मीटिंग माझ्याकडे बघतेय, गौतमकाकांचा चेहरा खुललेला, "वा! अक्षदा! शिकलेली पोरगी आहे, सायन्सवाली आहे, लिहा रे, बर्फ, अक्षदा!" टाळ्या. टाळ्या पडल्यावर खाली बसायचं कसं, सांगा? तरी मी गुडघे वाकवले होते. पण आत्याकडे बघितलं, आणि आत्या अशी काही बघत होती माझ्याकडे... तशीच उभी राहिले. मीटिंग संपेपर्यंत.

काकांनी अट घातली ती घातलीच. "रविवारपर्यंत, बारा तारखेपर्यंत, चाळीतले सात फ्रीझर घरच्या बर्फाने भरलेले मला दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर सोमवारी सकाळी मी बाटल्या मागवतो." म्हणजे बर्फ झाला तर आत्याचं टेबल, नाही झाला तर बाटल्या. इतकं सरळ. आणि या सगळ्याच्या मधे मी.

फ्रीजच्या ट्रेमध्ये किती होणार बर्फ? मी ऑफिसमध्ये नम्रताला सांगितलं, माझी मैत्रीण, प्रभादेवीला राहते. ती म्हणाली, "अगं आमच्याकडे बर्फाचं मशीन आहे! लग्नात आलंय. दोन वर्षं माळ्यावर आहे, खोकंपण उघडलं नाही, घेऊन जा बाई, जागा तरी होईल." मला इतका आनंद झाला की मी तेव्हा एक गोष्ट विचारलीच नाही, की बर्फाचं मशीन न्यायचं कसं. खोक्यावर बाण होते, हे वर, हे वर. मी बाण बघितले. टॅक्सीवाल्याने नाही बघितले, त्याने खोकं डिकीत आडवं घातलं. शेजारच्या सौमित्रनेही नाही बघितले, तो तीन जिने ते खांद्यावर घेऊन चढला, बाण खाली. मी मागून म्हणत होते, "सौमित्र, अरे बाण..." तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, आलोच." मी टेन्शन घेत नव्हते. मी फक्त वाचत होते.

घरात आणलं, आत्याने कपाट आणि फ्रीजच्या मधल्या फटीत बसवलं. असं फिट्ट बसलं की आत्या म्हणाली, "बघ, त्याच्यासाठीच फट ठेवलेली." पाणी घातलं, बटण दाबलं. घुर्रर्र. आम्ही दोघी समोर बसलो, टीव्हीसमोर बसतात तसं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आत्या म्हणाली, "लाजतंय." पन्नास झाली. एक तास झाला, आणि मी जरा पुढे वाकून काचेतून आत बघतेय, तेवढ्यात खडखडखडाट! मी मागे कॉटवर! घाबरले नाही, दचकले. आत्याने झाकण उघडलं. नऊ खडे.

"नऊच?" आत्या म्हणाली.

"पहिल्यांदा होतो वेळ," मी म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय."

दुसऱ्यांदाही एक तास. तिसऱ्यांदाही. तासाला नऊ खडे. आत्याने मला मशीनला हात लावायची बंदी केली, "तू उड्या मारतेस, कुठे आपटशील." मग ठरलं, पाणी आत्या घालणार, देखरेख मी करणार. मला बरं वाटलं. देखरेख म्हणजे वही. मी वही केली, तारीख, वेळ, खडे, शेरा. ऑफिसला निघेपर्यंत आणि आल्यावर, दर दोन मिनिटांनी झाकण, फक्त झाकण हं, उघडून बघायचं आणि लिहायचं. शास्त्रीय पद्धत. एक शेरा तर मी लाल पेनाने लिहिलाय, अजून आहे वहीत: 'झाकणाच्या काचेवर आतून धुकं. म्हणजे आत प्रचंड थंडी असावी.' हो, लाल पेनाने. हसा. मी पण हसेन, पाचेक वर्षांनी.

मग चाळ यायला लागली बघायला. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की अख्खा मजला येतो, मशीन आजारी पडलं तर दोन मजले आले. पलीकडच्या चाळीतले सीतारामकाका आले, मूळचे कणकवलीकडचे, दारातूनच त्यांनी मान हलवली. "गो बाये, मुंबयच्या ह्या उन्हात बर्फ जमतलो कसो? माणसा हंय वितळतत, तू बर्फ करूक बसलंस!" सुंदराबाई म्हणाल्या, "दोन वर्षं माळ्यावर होतं ना, सवय गेली असेल कामाची. आमचे हे नाही का, संपानंतर." मी व्हिडिओ बघितले. व्हिडिओत एक बाई सांगते, आतून क्षार जमतात, व्हिनेगरने धुवा. आमच्या घरात व्हिनेगर कुठलं? लिंबं मात्र होती, दीडशे. पंधरा पिळली, मशीन आतून धुतलं, चालवलं. नऊ खडे. आंबट. गौतमकाकांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले, म्हणाले, "अच्छा, सरबत डायरेक्ट बर्फातच?"

पण काका वीज कंपनीतले. त्यांनी मीटर बघितला, वायर बघितली, आणि डॉक्टरांसारखे गंभीर झाले. "व्होल्टेज. तुमच्या मशीनला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा."

केलं. पंखा बंद केला. दिवे बंद केले. एप्रिल महिना, एक खोली, दोन बायका, एक मशीन, आणि काका बसलेत घड्याळ धरून. आत्याने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली तर काका म्हणाले, "हलू नका, निरीक्षण चाललंय." एक तास झाला. खडखडाट. मी उडाले. नऊ. काका म्हणाले, "मग व्होल्टेज नाही," आणि गेले. आणि मग सकाळी उठल्यावर माझ्या लक्षात आलं की बाकी सगळं बंद म्हणजे फ्रीजपण रात्रभर बंदच होता की! फ्रीझर उघडला. पाच दिवसांचा बर्फ, तासाला नऊ, तासाला नऊ करत जमवलेला, पिशवीत पाणी होऊन पडला होता. त्यात एक खडा तरंगत होता, एवढासा. मी बघत असतानाच तोही गेला.

आत्याने पिशवी उचलली, गॅलरीतल्या तुळशीला आणि मोगऱ्याला पाणी घातलं. म्हणाली, "जाऊ दे. बाटल्या तर बाटल्या." आणि बसली लिंबं निवडत. दीडशेतली उरलेली. कशासाठी निवडत होती कोण जाणे, बाटल्यांत लिंबू कुठे पिळायचं असतं? तो शुक्रवार होता. दहा तारीख.

शनिवारी सकाळी मी दादरला गेले आणि हितेंद्रला घेऊनच आले. हितेंद्र फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, पस्तिशीचा असेल, फार कमी बोलतो. मला कमी बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते, म्हणजे भीती नाही, धास्ती. रस्ताभर मी त्याला वही वाचून दाखवली. तो "हं" म्हणाला. एकदाच. चर्नी रोडला कुणाचं तरी मशीन त्याने उघडलं होतं, तिथे आत झुरळ निघालं, एवढं मात्र त्याने सांगितलं. मी फुटपाथवरून खाली उतरले.

घरात आला, चपला काढल्या, आणि मशीनसमोर उभा राहिला. आता मशीन दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं? कारण आत्याने मशीनला कव्हर केलं होतं, क्रोशाचं, गुलाबी, खाली झालर. आमच्या घरात हे असंच आहे, टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिकचं आणि वर विणलेलं. नवी वस्तू उघडी ठेवणं म्हणजे नवी सून डोक्यावर पदर न घेता दारात उभी राहिल्यासारखं आहे, आत्याला ते चालत नाही. मला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. हितेंद्रला दिसलं.

"चालू असताना पण हेच असतं अंगावर?"

"मग?" आत्या म्हणाली. "धूळ जाईल ना. प्यायचा बर्फ आहे. परत कोणी नाव ठेवायला नको."

हितेंद्रने कव्हर काढलं, घडी केली, नीट, आत्याच्या हातात दिलं. मग त्याने मशीन फटीतून ओढून बाहेर काढलं. ते इतकं तापलं होतं की त्याने हात झटकला. मागच्या बाजूला जाळी असते, आत छोटा पंखा, मशीन आतली गरमी तिथून बाहेर फेकतं, हे मला आता माहीत आहे. तिथे कपाट होतं. त्याने बॅटरी मारली, चिमटा आत घातला, आणि एक धागा बाहेर ओढायला लागला. गुलाबी. तो ओढतोय, धागा येतोय, तो ओढतोय, धागा येतोय, जादूगार रुमाल काढतो ना तसा, वितभर, हातभर, दोन हात...

"अगं बाई, माझी झालर!" आत्या म्हणाली.

पंखा झालरीत गुरफटून बसला होता. त्याला फिरताच येत नव्हतं, बिचाऱ्याला. हितेंद्रने तो साफ केला, ब्रशने जाळी झाडली. मशीन भिंतीपासून एक वीत लांब ठेवलं आणि म्हणाला, "आडवं आणलंत?"

मी म्हणाले, "बाण मी बघितले होते."

"आणून लगेच चालू केलं?"

मी वही मिटली.

"आडवं केलं की आतलं तेल सरकतं, मग एक दिवस उभं ठेवायचं असतं. असो. आता झालंय त्याचं तेल जागेवर. चालू करा. पाणी घाला."

आत्या ओट्याशी गेली, टोप घेऊन आली, वरून स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं, आणि मशीनमध्ये ओतायला लागली. हितेंद्र म्हणाला, "थांबा." त्याने फडकं सरकवून टोपात बोट घातलं. आणि काढलं. पटकन काढलं. बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे काय आहे?"

"पाणी," आत्या म्हणाली.

"पाणी नाही हो, चहा आहे हा. पत्ती टाका नुसती."

तुम्हाला सांगते, खाली नळाशी कोणाची तरी बादली भरून वाहतेय ते ऐकू येत होतं, तरी आत्याने ओरडून नळ बंद करायला लावला नाही. ती म्हणाली, "वीस मिनिटं उकळते मी. फडक्यातून गाळते. गरम गरम ओतते. गार करत ठेवलं आणि परत जंतू आले तर? गेल्या वर्षी चार पोरं... आणि ती कालिंदी..." टोप हातात तसाच.

आणि मला एकदम ते धुकं आठवलं. काचेवरचं. लाल पेनाचं. वाफ होती ती! वाफ! तीन वर्षं केमिस्ट्री, त्यातलं एक वर्ष फर्स्ट क्लास! माझे डोळे भरून आले, पण ते वाफेने असेल.

हितेंद्र म्हणाला, "मावशी, उकळा. चांगलंच आहे. पण झाकून गार होऊ द्या, मग घाला. झाकलेल्या भांड्यात जंतू वरून उड्या मारत नाहीत." मग म्हणाला, "आणि झाकण सारखं कोण उघडतं?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. दारात उभ्या सुंदराबाईंनी बघितलं. सौमित्रने बघितलं. सीतारामकाका तर मुद्दाम चष्मा लावून बघायला लागले.

"ह्या चेडवाक सोडू नकात जवळ," ते म्हणाले, "ह्या बगता, म्हणान तो लाजता!"

शेजारून गार पाणी मागवलं, उकळलेलंच, सुंदराबाईंच्या माठातलं. मशीन चालू केलं. मला त्यांनी गॅलरीत उभं केलं, पाठ करून. दहा मिनिटं. खडखडाट! पाठ असूनही मी दचकले, पण खोलीतून "नऊ!" असा ओरडा आला, कोणाचा म्हणाल तर आत्याचा. दहा मिनिटांत नऊ! तासाला चोपन्न! मी पाठमोरीच रडले, नाही, रडले नाही...

आणि मग काय विचारता. आमच्या घरात त्या शनिवारी जेवढी भांडी होती तेवढ्यांत उकळलेलं पाणी गार होत होतं. हंडा, कळशी, कुकर, माझा जुना डबा. दहा मिनिटांनी खडखडाट, खडे पिशवीत, पिशवी फ्रीझरमध्ये, एक फ्रीझर भरला की पुढचा. म्हणजे मी तासाला सहा वेळा दचकत होते, पण आता त्याची लय बसली होती, आठव्या मिनिटाला मी आधीच भिंत धरून उभी राहायचे. सौमित्रच्या फ्रीझरमध्ये बोंबील होते, तिथल्या बर्फाला वास लागला म्हणून ती पिशवी बाजूला ठेवली, पाय शेकायला, म्हणजे थंड करायला. रविवारी संध्याकाळी गौतमकाका आले, सात फ्रीझर उघडून बघितले, पिशव्या दाबून बघितल्या, एक खडा उजेडात धरला. म्हणाले, "हं. टेबल रखमाताईंचं." आणि जाता जाता, "मी व्होल्टेज म्हणालो होतो, ते एका अर्थी बरोबरच होतं."

चौदा तारखेला सकाळी दहालाच टेबल लागलं. पांढरी चादर, बाबासाहेबांचा फोटो, निळी फुलं, सरबताचं पातेलं आणि शेजारी बर्फाचं घमेलं. पारदर्शक खडे, उन्हात चमकत होते नुसते. मी बघतच राहिले, म्हटलं, याच्यासाठी मी पंधरा दिवस... तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक, म्हणजे गिऱ्हाईक नाही, पहिल्या बाई आल्या. "जय भीम रखमाताई. एक द्या. बिनबर्फाचं."

आत्या म्हणाली, "काय?"

"बर्फ नको. गेल्या वर्षी पोराचा घसा..."

दुसरा आला. बिनबर्फाचं. तिसरी आली. बर्फ नको हं काकू. प्रीती नावाची एक मुलगी तर ग्लासातला खडा चमच्याने काढून परत घमेल्यात टाकायला लागली! आणि मग आत्या, जिने गेल्या चौदा एप्रिलपासून या विषयावर आवाज चढवला नव्हता, ती खुर्चीवर चढली. प्लास्टिकच्या. मी खुर्ची धरली. आणि तिने आवाज काढला.

"उकळलेल्या पाण्याचा बर्फ आहे! वीस मिनिटं उकळलेल्या! फडक्यातून गाळलेल्या! घरचा बर्फ! ज्याला बर्फ नको त्याला सरबत नाही!"

मिरवणूक थांबली. बँजो थांबला. तुम्हाला सांगते, शीवपर्यंत गेला असेल तो आवाज. मग माणसं आली. भीतीने आली, गंमत म्हणून आली, उन्हाने आली, पण आली, रांग गेली पार रस्त्यापर्यंत. आणि आत्या प्रत्येकाला, प्रत्येकाला, ग्लास देताना परत तेच, त्याच आवाजात. "उकळलेल्या पाण्याचा!" संध्याकाळी पाचपर्यंत. मी म्हणाले, "आत्या, अगं समोरच उभा आहे तो, हळू सांग." ती म्हणाली, "मागच्यालाही कळू दे." कालिंदीताईपण आल्या, पदर तोंडावर धरून. आत्याने मोजून दोन खडे घातले. त्या प्यायल्या. रात्री स्टेजवर गायल्या, आणि काय गायल्या! एक सूर हलला नाही. लोक वन्स मोअर, वन्स मोअर. आत्या पहिल्या रांगेत बसून प्रत्येक गाण्याला मागे वळून सगळ्यांकडे बघत होती. घमेलं रिकामं. सातही फ्रीझर रिकामे. म्हटलं, झालं. संपलं. सुटले.

पंधरा तारखेला सकाळी आत्या उठली, मला हाक मारायला तोंड उघडलं, आणि... हवा. नुसती हवा. दिवसभर ओरडून ओरडून घसा पार बसलेला! सुंदराबाई दारात आल्या, "काय रखमाबाई, आज आवाज नाही?" आत्याने गळ्याकडे बोट दाखवलं. बस्स. दहा मिनिटांत अख्ख्या चाळीत, रखमाबाईचा घसा बसला. कशाने? अहो कशाने काय, बर्फाने! घरच्याच!

मी सांगतेय, अहो ओरडून बसला, ओरडून! कोण ऐकतंय? मी विचारते, "आणि मग कालिंदीताई? त्यांचा नाही बसला तो?" तर म्हणतात, त्यांनी काढून टाकले असतील खडे. गेल्या वर्षीची तीच चार पोरं तीन-तीन ग्लास प्यायली, ती खाली क्रिकेट खेळताना एकमेकांच्या अंगावर खच्चून ओरडतायत, ते कोणाला ऐकू येत नाही! गौतमकाका आले, हळहळले, म्हणाले, "बघा, जी करते तिलाच बाधला. पुढच्या वर्षी आपण बाटल्याच मागवू. रखमाताई, तुमची काही हरकत?"

आत्या उठली. दारात गेली. कमरेवर हात ठेवले, छातीभर श्वास घेतला, चाळीच्या चारी मजल्यांना ऐकू जाईल असं तोंड उघडलं.

फिस्स.

"हरकत नाही," काका म्हणाले, "लिहून घ्या."

डॉक्टरांनी आठ दिवस अजिबात बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. आत्या पाळतेय. बसल्या बसल्या कागदावर लिहून ठेवतेय, नवव्या दिवशी काय काय बोलायचं ते. कालपर्यंत अकरा पानं झाली, पाठपोट. आणि गौतमकाकांनी म्हणे गावाला जायचं रिझर्वेशन काढलंय. परतीचं नाही काढलेलं.